ध्येय, प्रेरणा आणि कोंडाण्याचा अंतेवासी

डिझाइनचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींस अलीकडे दोन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावी लागतात. पुढे तुम्हांस काय व्हावयाचे आहे, हा पहिला; आणि तुमची प्रेरणास्थाने कोणती, हा दुसरा. कोठे हे प्रश्न मुलाखतीत तोंडी विचारतात, कोठे त्यांवर हेतुपत्र लिहून मागतात. विचारणारांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ज्या रीतीने हे प्रश्न विचारले जातात व त्यांची ज्या प्रकारची उत्तरे ग्राह्य ठरतात, तिच्यामुळे डिझाइनच्या विद्येचे नुकसान होते, आणि ज्यांची हक्काची जागा त्या वर्गात आहे असे विद्यार्थी नेमके दाराबाहेर राहतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते सकारण मांडावे, एवढ्यासाठीच हा लेख.

उत्तरांचा साचा आता ठरून गेला आहे. ध्येय म्हणजे एखाद्या नामांकित पेढीतील वरची जागा, अथवा स्वतःच्या नावाची नाममुद्रा. प्रेरणा म्हणजे चार-सहा परदेशी कलावंतांची नावे, त्यांच्या जोडीस निसर्ग, आणि चवीपुरती आजीची गोधडी. पैसे मोजले असता ही उत्तरे क्लासात पाठ करून मिळतात. सतरा वर्षांच्या मुलाने पाठ केलेली ध्येये ऐकून त्याच्या हातात काय आहे हे परीक्षकास कसे कळावे? आंब्याची परीक्षा आंबा चाखून करावयाची. कोयीला पुढे कोण होणार म्हणून विचारावयाचे नाही.

या दोन्ही प्रश्नांचे आम्हांस ठाऊक असलेले सर्वांत जुने आणि सर्वांत नेटके उत्तर रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, दगडावर कोरलेले आहे. कर्जत स्टेशनावरून कोंडिवड्याच्या वाटेने गेले असता राजमाचीच्या पायथ्याच्या रानात कोंडाण्याची बौद्ध लेणी लागतात. सिंहगडाचे जुने नाव कोंडाणा. त्याचा येथे काही संबंध नाही. ही लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली मानतात. चैत्यगृहाची लांबी सुमारे ६६ फूट आहे. आतील बहुतेक खांबांचे खालचे भाग झिजून गेले असून वरचे भाग तेवढे छतास लोंबत राहिल्यासारखे दिसतात. दर्शनी भागाच्या डाव्या अंगास मनुष्याच्या दुप्पट आकाराच्या एका मूर्तीच्या मस्तकाचा अवशेष आहे. चेहरा उरलेला नाही. परंतु शिरोभूषणाचे काम किती निगुतीने केले होते हे अद्यापि ओळखू येते. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ आहे. तिचा अर्थ इतकाच की, कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले.

एका ओळीत तीन गोष्टी आल्या: गुरूचे नाव, स्वतःचे नाव, आणि केलेले काम. आपण पुढे कोण होणार हे बलक सांगत नाही; आपण काय केले ते सांगतो. आपणांस काय आवडते हेही तो सांगत नाही. आपण कोणाजवळ राहून शिकलो ते सांगतो. अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा. हा शब्द भिक्षूच्या शिष्यासही लागतो, तेव्हा बलकाच्या हाती छिन्नी होती की नुसती देखरेख होती, असा वाद पंडितांनी खुशाल घालावा. वाक्याच्या घडणीत त्यामुळे फरक पडत नाही. कामाचा कर्ता म्हणून उभे राहताना ज्याच्यापासून आपण शिकलो त्याचे नाव आधी घ्यावे, एवढी रीत त्या ओळीत आहे, आणि ती रीत आजच्या हेतुपत्रात नाही.

आता प्रेरणेचा विचार करू. कोंडाण्याचा दर्शनी भाग पाहणारास पहिली गोष्ट जाणवते ती ही की, हा दगड लाकडाचे रूप घेऊन उभा आहे. कमान लाकडी कमानीसारखी, कठडे लाकडी कठड्यांसारखे, आणि शेजारच्या विहाराचे छत तुळया टाकल्यासारखे कोरलेले. ज्यांनी हे कोरले त्यांच्या डोळ्यांत सुताराचे काम मुरलेले होते. त्यांची प्रेरणा म्हणावयाची तर ती ही: एका मालात हस्तगत झालेली विद्या दुसऱ्या मालात उतरविणे. भाज्याच्या चैत्यगृहातील खांब आतल्या बाजूस कललेले आहेत. लाकडी इमारतीत छपराचा रेटा सहन करण्यासाठी खांब कलते ठेवणे सयुक्तिक असेल; अखंड कातळात त्याचे काहीच कारण नव्हते. तो नुसता जुन्या हाताचा संस्कार होता. पुढे कार्ल्याच्या चैत्यगृहात तेच खांब सरळ उभे झालेले दिसतात. छताच्या लाकडी फासळ्या मात्र तेथे आजही आहेत. आधी अनुकरण, मग मालाची ओळख, आणि त्या ओळखीतून नवा घाट, ही पायरी दर पिढीस चढावी लागते. प्रेरणास्थानांची यादी केल्याने ती चुकत नाही.

हा प्रकार कोंडाण्यापुरताच आहे असेही नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पितळखोरे येथील यक्षमूर्तीवर ती कण्हदास नावाच्या सोनाराने केल्याचा लेख आहे. सांचीच्या थोरल्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणारांनी कोरीवकाम केल्याची नोंद आहे. सोनार दगडात जातो, दंतकार दगडात जातो, आणि जाताना आपल्या मालातली नजाकत बरोबर घेऊन जातो. आमच्या मते डिझाइनच्या विद्येत प्रेरणा या शब्दाचा ह्याहून अधिक खरा अर्थ नाही.

ह्या जुन्या गोष्टी झाल्या, असे कोणी म्हणेल. मग अलीकडचा दाखला घ्या. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे जे. जे.चे विद्यार्थी, पुढे मुंबईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक डिझाइन केंद्रात अध्यापक. संगणकावर मराठी वाचणाऱ्या असंख्य लोकांच्या डोळ्यांपुढून गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्या हातचा. जोशी मुळात सुलेखनकार. अक्षराचे वळण हाताने घोटलेल्या मनुष्याने ते वळण यंत्राच्या चौकटीत बसविले, म्हणून यंत्रास देवनागरी साधली. बोरूकडून संगणकाकडे जाणारी ही वाट आणि लाकडाकडून दगडाकडे जाणारी कोंडाण्याची वाट, दोन्ही एकच आहेत.

आणि ज्या परदेशी नावांचा जप हेतुपत्रांत चालतो, त्या नावांचे तरी काय सांगणे आहे? जर्मनीतील बाउहाउस ही शाळा ग्रोपियसने १९१९ साली वायमार येथे काढली व १९३३ साली ती बंद पडली. तिचे नाव घेतल्यावाचून आमच्याकडे डिझाइनचा एक निबंध पुरा होत नाही. पण त्या शाळेत विद्यार्थ्यास प्राथमिक अभ्यासक्रमानंतर कार्यशाळेत उतरावे लागे, आणि वायमारच्या काळात तेथे रूपाचा एक गुरू व कारागिरीचा एक गुरू अशा दोघांच्या हाताखाली शिकावे लागे. म्हणजे बाउहाउसचा विद्यार्थीही अंतेवासीच. आम्ही नाव उचलले आणि कार्यशाळा तेथेच ठेवून आलो. तसेच १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने भारत सरकारला जो अहवाल दिला, आणि ज्यातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी गौरव केला तो आपल्या साध्या लोट्याचा. पाहुण्यांनी लोट्याकडे बोट दाखविले; आमचे विद्यार्थी अद्यापि पाहुण्यांच्या बोटाकडेच पाहत आहेत.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, पोटाचे काय? विद्यार्थ्याने मोठ्या जागेची इच्छा धरू नये काय? अवश्य धरावी. हजारो रुपये फी भरणाऱ्या कुटुंबास चरितार्थाची चिंता असणे हा दोष नव्हे. आमचा विरोध पैशास नाही, पदास ध्येय समजण्यास आहे. कर्जत-खालापूरच्या परिसरातच चौकनजीक कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली आपला स्टुडिओ उभारला. त्यांचे २०२३ साली निधन झाले. चार राष्ट्रीय पुरस्कार मिळविणाऱ्या या कलावंताचे काम म्हणजे लाकूड, प्लायवूड व प्लास्टर यांतून दगडी राजवाडा उभा करणे. कोंडाण्यास दगडाने लाकडाचे सोंग घेतले, येथे प्लास्टरने दगडाचे. सोंग साधावयाचे तर दोन्ही मालांची नस ठाऊक असावी लागते. यश पाहून पुष्कळ मुले त्या धंद्याचे स्वप्न पाहतात. त्यांनी ते पाहावेच. फक्त आधी करवत हाती धरावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गुरुशिष्यांची ही थोरवी गाऊन तुम्ही जातीच्या धंद्यांची बंद दारे पुन्हा लावू पाहता, असे काही विचारी लोक म्हणतील. सुताराची विद्या सुताराच्या घरात आणि सोनाराची सोनाराच्या घरात कोंडली गेली, व कित्येकांस तर कोणत्याच विद्येचा उंबरा ओलांडू दिला नाही, हे सत्य आहे. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु बलकाने स्वतःस कण्हाचा पुत्र म्हटलेले नाही, अंतेवासी म्हटले आहे. जवळ राहण्याचा हक्क जन्मावर न ठेवता सर्वांस देणे, हेच सार्वजनिक शाळेचे प्रयोजन. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत चित्रशाळा सुरू झाली ती याच अर्थाने मोलाची. दार उघडले ते चांगलेच झाले. आमची तक्रार अशी की, त्या दारावर आता जातीच्या जागी भाषेचा आणि बोलण्याच्या ढंगाचा पहारा बसला आहे.

हा पहारा कोणास अडवितो ते पाहा. कर्जत आणि खालापूर हे ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांचे तालुके. कारवीच्या काठ्यांचा कूड विणून त्यावर शेणमातीचा गिलावा देण्याचे काम तेथील मूल लहानपणापासून पाहते. कोणती कारवी कधी तोडावी, काठ्या किती जवळ बसवाव्या, पावसाकडची बाजू कशी राखावी, हे त्याला कळते. हे ज्ञान डिझाइनचे नव्हे तर कशाचे? त्याच मुलाने शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, आणि हात चांगला आहे म्हणून मास्तरांनी त्यास पुढे जाण्यास सांगितले, असे समजा. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे मुंबई केंद्र त्याच्याच जिल्ह्यात, खारघरला आहे. जे. जे.ला जावयाचे तर कर्जतहून मुंबईला जाणारी लोकल त्या शाळेच्या जवळच नेऊन सोडते. वाट लांब नाही. उत्तर लांब आहे. राष्ट्रीय संस्थांच्या प्रवेशपरीक्षांत इंग्रजीचे, फार तर हिंदीचे, राज्य. तेथून पार पडून तो मुलाखतीस पोहोचला, तर त्यास विचारणार, तुमची प्रेरणास्थाने कोणती? कुडाची भिंत हे उत्तर होऊ शकते, असे त्यास कोणी सांगितलेलेच नाही. तो गप्प राहतो, आणि त्याच्या मागचा मुलगा बाउहाउसचे नाव घेऊन आत जातो. पुढे दोन वर्षांनी हाच मुलगा त्याच वाडीवर हस्तकलेचा अभ्यास करावयास येतो, आणि कुडाची छायाचित्रे काढून नेतो!

तो अहवाल लिहील तेव्हा कूड विणणाऱ्या बाईचे नाव त्यात येईल काय? हा प्रश्न क्षुल्लक नाही. ज्या स्थानकात कर्जतची लोकल जाऊन थांबते, त्या १८७८ साली बांधावयास घेतलेल्या इमारतीचे शिल्पज्ञ म्हणून स्टीव्हन्सचे नाव सर्वांस ठाऊक आहे. तिच्या नक्षीकामात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात होता, हेही पुस्तकांतून वाचावयास मिळते. पण त्या विद्यार्थ्यांपैकी एकाचे तरी नाव रोज त्या नक्षीखालून जाणाऱ्या आम्हां लोकांस सांगता येईल काय? दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका अंतेवासीचे नाव रानातल्या कातळावर वाचता येते, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या शाळकरी अंतेवासींची नावे भर मुंबईत लोपली. यातून प्रगतीचे माप ज्याने त्याने घ्यावे.

आमच्या सूचना थोड्या आहेत आणि त्यांस खर्चही फारसा नाही. प्रवेशाच्या वेळी ध्येय आणि प्रेरणा विचारणे बंद करावे. त्याऐवजी उमेदवारास स्वतःच्या हातांनी केलेली किंवा दुरुस्त केलेली एक वस्तू घेऊन येण्यास सांगावे, मग ती टोपली असो, पतंग असो की पत्र्याची गाडी असो. ती कोणापासून शिकलास, माल कोठून आणलास, कोठे फसलास आणि मग काय केलेस, एवढे विचारावे. आणि उत्तर मराठीतून देण्याची मुभा असावी. क्लासांस हे पाठ करून घेणे जड जाईल, कारण दुसऱ्याच्या फसण्याची हकीकत पाठ करून सांगणारा दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. शिक्षण चालू असता प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक सत्र एखाद्या सुताराच्या, कुंभाराच्या, विणकराच्या अथवा मुद्रकाच्या हाताखाली काढावे, आणि त्या गुरूस संस्थेने मानधन द्यावे. शेवटी, विद्यार्थ्याच्या प्रत्येक कामाखाली त्याच्या नावाआधी त्याचे नाव यावे, ज्याच्याजवळ राहून तो ते शिकला.

विद्यार्थ्यांसही आमचे एक सांगणे आहे. तुमच्यापाशी ध्येय नाही म्हणून खंत करू नका. सतराव्या वर्षी ते नसते, आणि असल्याचे सांगावे लागते हा दोष विचारणारांचा. एखादा गुरू शोधा, एखादा माल हाती घ्या, आणि तो मोडू लागला की का मोडतो ते पाहत बसा. ज्यांना हे सांगणे फार साधे वाटत असेल, त्यांनी एखाद्या रविवारी कर्जतची लोकल धरावी, कोंडिवड्यावरून वर चढावे आणि बलकाची ती ओळ पाहून यावे. त्या ओळीत भरण्यासारखे आपल्यापाशी काय आहे, कण्हाच्या जागी कोण आणि केलेल्या कामाच्या जागी काय, हे ज्याला सांगता येईल त्याला प्रवेश द्यावा. ज्या परीक्षकांस स्वतःविषयी ते सांगता येणार नाही, त्यांनी दुसऱ्यांची ध्येये विचारण्याचा अधिकार सोडून द्यावा.