घर द्यावे विश्वासाने, पण नोंदणी करून

जुहूतील एका ज्येष्ठ वाचक भगिनींनी गेल्या महिन्यात विचारले, “यजमानांच्या मागे राहत्या घराशिवाय एक लहानसे घर उरले आहे. ते भाड्याने दिले तर महिन्याचा खर्च निभेल. पण दिलेले घर परत मिळेल ना?” या भीतीपोटी ते घर दोन वर्षे कुलूपबंद आहे.

ही भीती निराधार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले. त्या काळात घर गमावल्याच्या कथा कुटुंबाकुटुंबांत आजही सांगितल्या जातात. मात्र ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार, राहण्यासाठी परवान्यावर दिलेले घर मुदत संपूनही रिकामे झाले नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आणि राहणाऱ्यास त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

हे संरक्षण कागदावर उभे आहे. “अकरा महिन्यांचाच करार, नोंदणी कशाला?” हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

खर्च मात्र थोडा आहे. मासिक भाडे साठ हजार, अनामत दोन लाख व मुदत अकरा महिने असेल, तर पाव टक्क्याच्या दराने मुद्रांक शुल्क सुमारे १,७०० रुपये होते. अनामतीवरील दहा टक्के मानीव व्याज त्यात धरलेले आहे. मुंबईत नोंदणी शुल्क १,००० रुपये. नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास अवश्य कळवावी. सोसायटीला बिनभोगवटा शुल्क घेता येते. पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे.

जुहूसाठी एक विशेष सूचना. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या जाळ्या, नळ व वातानुकूलन यंत्रे लवकर गंजतात. त्यांची दुरुस्ती कोणी करायची, हे करारातच लिहावे. किल्ली देण्यापूर्वी प्रत्येक खोलीची छायाचित्रे, वस्तूंची यादी व वीजमीटरचे आकडे दोघांच्या सहीने ठेवावेत. घर सोडताना अनामतीवरून होणारी बहुतेक भांडणे तिथेच टळतात.

आणि न्याय दोन्ही बाजूंनी हवा. अनामत म्हणजे आपले उत्पन्न नव्हे, ती दुसऱ्याची ठेव आहे. ती वेगळी ठेवावी, घर रिकामे होताच परत करावी, आणि काही कापायचे झाल्यास पावती दाखवूनच कापावे. भाडे बँकेतूनच घ्यावे व विवरणपत्रात दाखवावे. पालिकेचा भरलेला कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर तीस टक्के वजावट मिळतेच.

त्या भगिनींना आमचे उत्तर इतकेच: घर बंद ठेवू नका, आणि तोंडी शब्दावरही देऊ नका.