रेसचे टायर रेसलाच बरे

मार्च सरत आला की आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये गॅरेजची दारं वर जातात आणि चार महिने कव्हरखाली झोपलेल्या बाईक बाहेर येतात. व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीचं हे गाव जगाला डेटा सेंटरमुळे माहीत आहे. इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना दुचाकीचं वेड आहे, त्यांच्यासाठी मात्र ते ब्लू रिजच्या डोंगरांकडे निघायचं ठिकाण आहे. आणि दर वर्षी याच सुमारास आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी धाकटा मित्र तोच प्रश्न टाकतो: "दादा, रेसमध्ये एकदाच वापरलेले टायर मिळतायत. जोडी दीडशे डॉलरला. नवीन घ्यायचे तर चारशे. घेऊन टाकू का?"

माझं उत्तरही दर वर्षी तेच असतं: रस्त्यावर चालवणार असशील तर नको. पण ग्रुपवर एका ओळीत दिलेलं उत्तर कुणाला पटत नाही. शिवाय अलीकडे हाच प्रश्न पुण्या-मुंबईच्या मित्रांकडूनही येतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी हे टायर येतात कुठून ते बघू. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात समिट पॉइंट नावाचा रेस ट्रॅक आहे. तिथे शर्यती होतात, हौशी लोकांसाठी 'ट्रॅक डे' होतात. शर्यतीत उतरणाऱ्याला एका फेरीमागे अर्धा सेकंदसुद्धा महाग पडतो. टायरची पकड थोडी उतरली की तो जोडी काढून नवी चढवतो. काढलेल्या जोडीला इथे 'टेक-ऑफ' म्हणतात. नक्षी बऱ्यापैकी शिल्लक असते, रबर मऊ लागतं, बाजूवर नाव मोठ्या कंपनीचं असतं. विकणारा खोटं बोलतो असं माझं म्हणणं नाही. हा टायर ट्रॅकवर रस्त्याच्या टायरपेक्षा जास्त पकड देत होता, हे शंभर टक्के खरं. पण कोणत्या परिस्थितीत, हे विचारायला हवं.

रबराची पकड तापमानावर ठरते. रेसच्या टायरचं रबर चांगलं तापल्यावर काम करावं म्हणूनच बनवलेलं असतं. त्यासाठी शर्यतीआधी टायरला विजेवर तापणारी ब्लँकेटं गुंडाळतात आणि ते साधारण ८० अंश सेल्सियसच्या आसपास गरम करून ठेवतात. मग ट्रॅकवर करकचून ब्रेक, भरपूर अ‍ॅक्सिलरेटर आणि गुडघा टेकेपर्यंत झुकून घेतलेली वळणं यामुळे ती उष्णता टिकून राहते. आता एप्रिलमधली अ‍ॅशबर्नची सकाळ घ्या. बाहेर पाच-सहा अंश. सोसायटीतून पंचवीस मैलांच्या वेगाने बाहेर पडायचं, दोन सिग्नल, मग रूट ७ वर सरळ धाव. एवढ्याने रेसचा टायर कोमटही होत नाही. पुढे शेनान्डोआ नॅशनल पार्कमधल्या स्कायलाइन ड्राइव्हला गेलात तरी १०५ मैलांच्या त्या देखण्या घाटरस्त्यावर वेगमर्यादा ३५ मैल आहे. तिथे टायर तापवायचा म्हणजे कायदा मोडायचा, आणि हरणं आडवी येतात ते वेगळंच.

याउलट रस्त्यासाठी बनवलेल्या टायरच्या रबरात सिलिका मिसळतात. त्यामुळे तो थंड असताना आणि ओल्या रस्त्यावरही बऱ्यापैकी धरून राहतो. त्याची कमाल पकड रेसच्या टायरपेक्षा कमी असेल, पण गॅरेजमधून बाहेर पडल्या पडल्या तो कामाला लागतो.

"पण जुना रेस टायरसुद्धा आपल्या गरजेपेक्षा जास्तच पकड देतो की," हे ग्रुपवरचं नेहमीचं वाक्य. यावर मी एका जुन्या अभ्यासाचा दाखला देतो. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० हून अधिक मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. १९८१ साली आलेला हा 'हर्ट रिपोर्ट' आजही बाईकच्या दुनियेत आदराने वाचला जातो. त्यात दिसलं ते असं: बरेचसे अपघात छोट्या, रोजच्या फेऱ्यांमध्ये झाले होते आणि निघाल्या ठिकाणापासून जवळच झाले होते. चौक ही सर्वांत धोक्याची जागा होती. दुसरं वाहन असलेल्या अपघातांपैकी दोन तृतीयांशांमध्ये समोरच्याने बाईकचा रस्त्यावरचा हक्क डावलला होता. आणि अपघाताआधीचा मध्यक वेग होता फक्त २९.८ मैल, म्हणजे ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर.

हे चित्र डोळ्यांसमोर आणा. घरापासून दोन मिनिटांवरचा चौक, तीस मैलांचा वेग, समोरून डावीकडे वळणारी गाडी आणि तुम्हाला दाबावा लागलेला ब्रेक. त्या क्षणी टायर थंड असतो. तुमची गरज सर्वांत मोठी असते नेमकी तेव्हाच रेसचा टायर अर्धवट झोपेत असतो. घाटातल्या विसाव्या वळणावर तो मस्त चालेल, यात मला शंका नाही. पण विसाव्या वळणाआधी पहिला सिग्नल येतो.

दुसरा मुद्दा 'वापरलेला' या शब्दाचा. आम्ही कम्प्युटरवाले जुनी वस्तू घ्यायला घाबरत नाही. डेटा सेंटरमधून काढलेला सर्व्हर मी डोळे झाकून घेईन, कारण त्यातली हार्ड डिस्क किती तास चालली, किती वेळा चुकली, याची नोंद तिच्या आतच असते. टायरमध्ये अशी नोंद नसते. टायर तापला आणि थंड झाला की त्याला 'हीट सायकल' म्हणतात. प्रत्येक चक्रात रबर आतून थोडं कडक होत जातं. एका शनिवार-रविवारच्या सरावात आणि शर्यतीत अशी किती चक्रं झाली, हे नक्षीवरून कळत नाही. हिवाळाभर तो कुणाच्या तरी थंडगार गॅरेजमध्ये पडून होता का, हेही कळत नाही. काही कंपन्या आपले रेस टायर शून्याखालच्या तापमानात ठेवू नका असं बजावतात, आणि आमच्याकडे जानेवारीत पारा सहज शून्याखाली जातो. नखाने दाबून "अजून मऊ आहे" म्हणणं ही काही तपासणी नव्हे.

पावसाचंही बघा. रेसच्या टायरवर नक्षी अगदी मोजकी असते, कारण जास्तीत जास्त रबर जमिनीला टेकलं पाहिजे. पाऊस आला तर रेसर पिटमध्ये येतो आणि पावसाळी टायर चढवतो. आपल्याकडे पिट नसतो. व्हर्जिनियात जुलै-ऑगस्टच्या संध्याकाळी अर्ध्या तासात आभाळ भरून येतं आणि तुम्ही त्या वेळी घरापासून चाळीस मैलांवर असता. ताम्हिणी घाटात जूनमध्ये काय होतं, ते मी पुणेकरांना सांगायची गरज नाही.

आता पैशांचं बोलू, कारण खरा मोह तिथेच आहे. माझा अंदाजे हिशोब असा. रस्त्याच्या चांगल्या 'स्पोर्ट टूरिंग' टायरची जोडी चारशे डॉलर आणि फिटिंग-बॅलन्सिंगचे शंभर, एकूण पाचशे. मागचा टायर नीट हवा ठेवली तर सहा हजार मैल जातो. म्हणजे मैलाला आठ सेंट. टेक-ऑफची जोडी दीडशेला, फिटिंगचे तेवढेच शंभर, एकूण अडीचशे. हायवेवर सरळ चालवून त्याचा मधला भाग दीड हजार मैलांत सपाट होतो. म्हणजे मैलाला जवळजवळ सतरा सेंट. ज्याला आपण 'स्वस्तात मस्त' म्हणून घेतलं, ते दुप्पट महाग पडलं, वर एका मोसमात दोनदा दुकानात खेपा. यात आश्चर्य नाही. मोटोजीपीची रविवारची शर्यत पाऊण तासाच्या आतबाहेर आणि शे-सव्वाशे किलोमीटरची असते. अ‍ॅशबर्नहून स्कायलाइन ड्राइव्हच्या उत्तर टोकाला, फ्रंट रॉयलला जाऊन परत आलात तरी त्याहून जास्त अंतर होतं. जो टायर तेवढ्यासाठीच बनवला, त्याच्याकडून आपण वर्षभराची नोकरी मागतो.

कायद्याबद्दल दोन वाक्यं. अमेरिकेत टायरवर 'डीओटी' ही अक्षरं असली म्हणजे तो रस्त्यासाठीच्या सरकारी मानकात बसतो असं त्या कंपनीनेच जाहीर केलेलं असतं. तो थंडीत किंवा पावसात चांगला चालेल, असा त्याचा अर्थ होत नाही. ही अक्षरं नसलेले, अजिबात नक्षी नसलेले 'स्लिक' तर रस्त्यावर आणायचेच नसतात. आणि नावावर भुलू नका. पिरेलीच्या 'सुपरकोर्सा'चंच उदाहरण घ्या: 'एसपी' ही रस्त्यासाठीची आवृत्ती, 'एससी' रेससाठीची. फोटोत दोन्ही जुळे भाऊ दिसतात.

भारतातल्या मित्रांची अडचण थोडी वेगळी आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात खुल्या यादीतून काढून निर्बंधाखाली आणली. तेव्हापासून मोठ्या बाईकचे परदेशी टायर मिळवणं आणखी अवघड झालं. मग ट्रॅकवरून उतरलेली जोडी कुणी देऊ केली की हात पुढे होतोच. मी पुण्यात कम्प्युटर इंजिनिअरिंग करताना नाना पेठेत स्पेअर पार्टसाठी भरपूर पायपीट केली आहे, त्यामुळे जुन्या वस्तूतून चांगली वस्तू शोधण्यातला आनंद मलाही ठाऊक आहे. हँडल, आरसा, चेन कव्हर खुशाल जुनं घ्या. टायर नको. आपल्याकडे दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असली पाहिजे असा नियम आहे, आणि टायर पार 'गोटा' होईपर्यंत तो चालवायचा ही आपली सवय आहे. २०२२ साली भारतात रस्त्यांवर ७४,८९७ दुचाकीस्वार गेले. त्यातले किती टायरमुळे, हे या आकड्यावरून ठरवता येत नाही, आणि तसा माझा दावाही नाही. पण इतक्या धोकादायक रस्त्यावर जमिनीशी आपला संबंध फक्त दोन तळहातांएवढ्या रबराचा असतो. त्यात घासाघीस करू नये, एवढं तरी त्यातून शिकावं.

मग रेसचे जुने टायर कुणीच घेऊ नयेत का? घ्यावेत की. ट्रॅक डेला जाणाऱ्याने, ज्याच्याकडे वॉर्मर आहेत, ज्याला ट्रॅकवर हवेचा दाब रस्त्यापेक्षा कमी ठेवायचा असतो हे माहीत आहे आणि जो वीस मिनिटांच्या फेरीनंतर टायर हाताने तपासतो, त्याने जरूर घ्यावेत. त्याच्यासाठी तो उत्तम सौदा आहे. तिथे चौक नसतो, समोरून येणारी गाडी नसते, वाळू नसते आणि रुग्णवाहिका उभी असते.

रस्त्यासाठी नवीन टायर घेतानाही दोन गोष्टी बघा. बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. '२३२४' असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात चार वर्षं पडून असलेला 'नवीन' टायर सवलतीत गळ्यात मारला जातो, तो घेऊ नका. आणि नवा टायर चढवल्यावर पहिले शंभर मैल हळू चालवा, कारण त्याचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो.

शेवटी, हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आहेत ती इथे शिकायला आलेली आणि नुकती नोकरीला लागलेली आपली मुलं. हप्त्यावर किंवा सेकंड हँड सहाशे सीसीची स्पोर्ट बाईक घेतात आणि आईबाबांना सांगत नाहीत. मग पैसे संपतात आणि टायरवर काटकसर सुरू होते. त्यांना माझं एकच सांगणं आहे. मोठ्या बाईकचे नवीन टायर परवडत नसतील तर ती बाईकच परवडत नाही, असं समजा. तीनशे-चारशे सीसीची घ्या. तिचे टायर स्वस्त असतात, जास्त टिकतात आणि डोंगरातला रस्ता तिच्यावरूनही तेवढाच सुंदर दिसतो.