सॉरी, माफी आणि दिलगिरी

आमच्या शेजारच्या काकूंना इंग्रजी शब्द मोजून पाचसात येतात; पण जे येतात त्यांचे अर्थ त्या घट्ट धरून असतात. ‘सॉरी’ हा त्यांतलाच एक. नातवाने कपबशी फोडली की त्याने म्हणायचे ते ‘सॉरी’, एवढेच त्यांचे गणित. गेल्या वर्षी काका वारले. त्यांचा पुतण्या अमेरिकेत. तो इथे पोहोचेपर्यंत दहावा होऊन गेला होता. दारात चपला काढून तो आत आला, काकूंच्या पुढ्यात बसला आणि तिकडच्या सवयीने बोलून गेला, “आय ॲम सॉरी, काकू.”

काकूंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले. “तुझी काय रे चूक त्यात?”

पोरगा गडबडला. त्याला म्हणायचे होते, ‘फार वाईट झाले.’ पण काकूंचा प्रश्न ऐकला मात्र, आणि चार वर्षांत आपण एकदाही इकडे फिरकलो नाही, काकांना फोन केला तोही सणासुदीलाच, हे त्याला आठवले असावे. मान खाली घालून तो म्हणाला, “आहे थोडी.”

मी तिथेच होतो. घरी आलो आणि जित्याची खोड म्हणून कोश काढून बसलो.

कोशाने काकूंनाही चूक ठरवले नाही आणि पुतण्यालाही नाही. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे दुखणे. आजचा ‘सोअर’ तो हाच. घसा धरतो तेव्हा डॉक्टर ‘सोअर थ्रोट’ म्हणतात ना, तोच. त्याच्यापासून झाला ‘सारिग’, म्हणजे दुखावलेला, व्यथित. आणि त्याचा पुढे झाला ‘सॉरी’. गंमत म्हणजे दुःखवाचक ‘सॉरो’ हा शब्द त्याचा सख्खा भाऊ वाटतो, पण त्याचे कूळ वेगळे. शेजारी राहून राहून चेहरे सारखे झाले इतकेच. तेव्हा मुळात या शब्दात अपराध नव्हता, कळ होती. माफी त्यात मागाहून राहायला आली.

आता घरात इतकी बिऱ्हाडे झाली आहेत की मालक कोण ते ओळखू येत नाही. कुणाची कीव आली तरी सॉरी. शोक कळवायचा तरी सॉरी. बोलणे नीट ऐकू आले नाही तर शेवटचा स्वर वर उचलून सॉरी. दळभद्री अवस्थेलाही सॉरीच. आणि सर्वांत चलाख वापर दुकानातला: “सॉरी, सुटे नाहीत.” यात ना कळ, ना अपराध. फक्त ‘चला पुढे’ एवढाच अर्थ.

समानार्थी म्हणून जे शब्द कोश देतो तेही सरळ नाहीत. ‘अपॉलॉजी’ घ्या. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ न्यायासनापुढे केलेला बचाव. प्लेटोच्या ज्या ग्रंथाला हे नाव आहे त्यात सॉक्रेटिस कुणाची माफी मागत नाही. उलट न्यायाधीशांनाच चार गोष्टी सुनावतो आणि मरणाची शिक्षा घेतो. ‘रिग्रेट’ हा तर मुत्सद्द्यांचा लाडका शब्द. झाले ते वाईट झाले, पण कोणी केले ते विचारू नका, अशी त्याची मांडणी.

या शब्दांवरून राष्ट्रे कशी अडून बसतात ते पाहण्यासारखे आहे. १ एप्रिल २००१ रोजी चीनजवळच्या समुद्रावर अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक वांग वेई प्राणाला मुकला. अमेरिकन विमान हैनान बेटावर उतरले आणि त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात सापडले. चीन म्हणे, माफी मागा. अमेरिका म्हणे, आम्ही चुकलोच नाही तर माफी कसली? अकरा दिवस शब्द शोधण्यात गेले. शेवटी अमेरिकेच्या राजदूताने पत्र दिले. त्यात ‘व्हेरी सॉरी’ दोनदा होते: एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल, एकदा परवानगीवाचून उतरल्याबद्दल. चीनने आपल्या भाषांतरात त्याला माफीच्या जवळचा शब्द घातला. अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितले की ही माफी नव्हे. दोघेही जिंकले आणि २४ माणसे घरी गेली. एका शब्दाला दोन अर्थ असण्याचा याहून मोठा उपयोग माझ्या ऐकिवात नाही.

ऑस्ट्रेलियात याच्या उलट झाले. तिथल्या मूळ रहिवाशांची मुले सरकारने पिढ्यान् पिढ्या आईबापांपासून तोडून नेली होती. १९९९ साली पंतप्रधान हॉवर्ड यांनी संसदेत ठराव आणला, त्यात ‘रिग्रेट’ होता, ‘सॉरी’ नव्हता. लोकांचे समाधान होईना. २००० साली सिडनीच्या पुलावरून प्रचंड जनसमुदाय चालत गेला तेव्हा विमानाने आकाशात धुराने तो एकच शब्द लिहिला होता. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी नवे पंतप्रधान केव्हिन रड यांनी तो उच्चारला, आणि म्हाताऱ्या बाया सभागृहात रडल्या. जालियनवाला बागेचे मात्र अजून तसेच आहे. शंभर वर्षे होत आली असता, १० एप्रिल २०१९ रोजी थेरेसा मे यांनी पार्लमेंटात खोल ‘रिग्रेट’ व्यक्त केला. विरोधी पक्षनेते कॉर्बिन यांनी स्पष्ट माफी मागा म्हटले. ती काही आली नाही.

कॅनडावाल्यांनी यावर कायदेशीर तोडगा काढला आहे. तिथल्या ओंटारिओ प्रांतात २००९ पासून असा कायदा आहे की कुणी सॉरी म्हटले म्हणजे त्याने दोष कबूल केला असे कोर्टाने समजू नये. माणसाला सॉरी म्हणायला कायद्याचे संरक्षण लागावे, हे वाचून हसावे की रडावे कळेना!

आपल्याकडे ही भानगड निदान शब्दांपुरती तरी नाही. दिलगिरी वेगळी, माफी वेगळी. ‘दिलगीर’ फारसीतून आला: ज्याचे काळीज कशाने तरी धरले आहे तो. दिलगिरी व्यक्त करतात, माफी मागतात. क्रियापदेच सांगतात की एकीत हात आपल्याच छातीवर आहे आणि दुसरीत समोर पसरलेला. म्हणून तर पुढारी नेहमी दिलगिरीच व्यक्त करतात. पूर्वी घरात यांतला कुठलाच शब्द ऐकू येत नसे. चुकून कुणाला पाय लागला तर आपण वाकून हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा, झाले. नवऱ्याने बायकोला ‘माफ कर’ म्हटल्याचे माझ्या आजोळी कुणी ऐकले नव्हते. फार तर तो दुपारी चहा स्वतः टाकी आणि एक कप तिच्यापुढे सरकवी.

मला स्वतःला या सगळ्यांत आवडतो तो वाण्याच्या बिलाखालचा शब्द: चु. भू. द्या. घ्या. तुमच्याकडून जास्त घेतले असेल तर परत न्या, कमी घेतले असेल तर आणून द्या. काळीज नाही, अपराध नाही, नुसता हिशेब.

पुतण्या पंधरा दिवस राहिला. जाताना काकूंच्या पाया पडला तेव्हा पुन्हा काहीतरी इंग्रजी बोलणार होता. काकूंनी त्याच्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा दिला आणि म्हणाल्या, “पोचल्यावर फोन कर. आणि मग रविवारी पण कर.”