निकाल उघड्या कोर्टात, पण सौदा कुठे?

दसरा-दिवाळीनंतर शिरूर कासारहून कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उसाच्या ट्रॅक्टरखाली नवरा गेला की मागे राहिलेली बाई मुकादमाच्या हिशेबात अर्धा कोयता. आणि कोर्टाच्या हिशेबात?

फौजदारी कायद्यात 2006 पासून ‘प्ली बार्गेनिंग’ आहे. आरोपीने गुन्हा कबूल करायचा, भरपाई द्यायची, शिक्षा कमी करून घ्यायची. न्या. कृष्ण अय्यर यांनी 1976 साली महाराष्ट्रातल्याच एका तेलभेसळीच्या खटल्यात अशा सौद्यांवर कोरडे ओढले होते. तीस वर्षांनी तेच कायदा झाले. 1 जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे.

स्त्रिया व बालकांविरुद्धचे गुन्हे यातून वगळले आहेत, म्हणून आपण निर्धास्त राहिलो. पण हयगयीने गाडी चालवून मृत्यू घडवला, तर कायद्याच्या लेखी गुन्हा मेलेल्या पुरुषाविरुद्ध. त्याच्या विधवेच्या दारात सौदा येऊ शकतो!

बैठकीची नोटीस पीडिताला द्यायची असते, वारसही पीडितच. पण नोटीस गावच्या पत्त्यावर आणि बाई सांगली-कोल्हापूरच्या फडात. आलीच, तर बोलणार दीर किंवा सासरा. तिने अंगठा द्यायचा. पोलीस केसमध्ये आरोपीला हवे तर वकील आणता येईल असे कायदा स्पष्ट म्हणतो. पीडितेच्या वकिलाबद्दल तिथे अवाक्षर नाही. खासगी फिर्यादीत मात्र दोघांनाही मुभा. हा भेद कशासाठी?

कलम 294 म्हणते, निकाल उघड्या न्यायालयात द्यावा, त्यावर न्यायाधीशांची सही असावी. पण ठरायचे ते बैठकीतच ठरून गेलेले असते. या निकालावर अपील नाही. उरते उच्च न्यायालयातली रिट किंवा सर्वोच्च न्यायालयाची विशेष परवानगी. उचल फेडणाऱ्या बाईला ते परवडेल?

कोणी म्हणेल, वर्षानुवर्षे तारखांपेक्षा हातात पैसे बरे. खरे आहे. मग ते तिच्याच हातात पडू देत!

मैत्रिणींनो, 1987 च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो. बैठकीआधी तो मागा. भरपाई तिच्याच बँक खात्यात जाईल असे निकालात लिहून घ्या. मोटार अपघाताचा दावा वेगळा असतो, तो सोडल्याच्या कागदावर अंगठा देऊ नका. आणि निकालाच्या दिवशी कोर्टात जाऊन बसा. कोर्ट उघडे आहे ना? मग आपण तिथे दिसलो पाहिजे.