सायकली घेऊन घाटमाथ्यावर

दिवाळीच्या सुटींत आठ दिवस इगतपुरीस बिऱ्हाड करावें आणि मुलांच्या सायकलीही बरोबर न्याव्या, असा बेत शहापूर-मुरबाडकडील कांहीं घरांत चालला आहे. त्यासंबंधीं आम्हांस विचारणा झाली, म्हणून घरचा अनुभव सांगतों.

सायकल नेणें निराळें आणि सायकलीवरून जाणें निराळें. कसाऱ्याच्या घाटांत मालमोटारींची रीघ असते. तो मुलाबाळांनीं चढण्याचा रस्ता नव्हे. चढ केवढा आहे हें लोहमार्गावरून कळेल. १८६५ सालीं खुला झालेला हा मार्ग कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतच्या सुमारें १६ किलोमीटरांत ३०० मीटरांच्या आसपास वर जातो, आणि आजही पुष्कळ गाड्यांस येथें जादा एंजिनें जोडावीं लागतात. एंजिनास जेथें मदत लागते तेथें बारा वर्षांच्या पोरानें काय करावें? ५ जून २०२५ रोजीं इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू होऊन समृद्धि महामार्ग शहापूर तालुक्यांतून धावूं लागला; परंतु त्यावर सायकलीस मज्जाव आहे. मुरबाडकरांच्या माळशेज घाटाविषयीं एवढेंच कीं, पावसाळ्यांत तेथें दरडी कोसळतात व धुक्यांत दहा पावलांवरचें दिसत नाहीं. त्या दिवसांत सायकलीचें नांवही काढूं नये.

सायकल रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून सामान म्हणून नोंदवितां येते. मात्र आपली गाडी इगतपुरीस थांबते काय, आणि आपल्या स्टेशनावर असें सामान घेतात काय, याची चौकशी आदल्या दिवशींच पार्सल कचेरींत करावी, व सायकलीस नांवपत्त्याची चिठ्ठी बांधावी. मुरबाडास अद्याप रेल्वे नाहीं. चार सायकली असल्यास आमच्या मतें टेंपो ठरविणें सोयीचें. दोन सायकलींमध्यें जुनी गोधडी घालावी, साखळीची बाजू दुसऱ्या सायकलीवर घासूं देऊं नये आणि पायटे काढून ठेवावे. डाव्या पायट्याचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविला म्हणजे सुटतो. आमच्या धाकट्या बंधूंनीं हें ठाऊक नसल्यामुळें एक संपूर्ण सकाळ आणि एक पाना खर्चीं घातला.

आतां मुख्य गोष्ट. गेल्या वर्षीं निघण्यापूर्वीं चिवड्याच्या डब्यांचीं झांकणें आम्ही दोनदां पाहिलीं, ब्रेक मात्र एकदांही पाहिले नाहींत. तिसऱ्या दिवशीं भावली धरणाकडील एका उतारावर चौदा वर्षांच्या पुतण्याच्या सायकलीचा मागचा ब्रेक लागेना. रबर झिजून आंतलें लोखंड चाकाच्या धांवेवर घासत होतें. त्यानें घाबरून पुढचा ब्रेक आवळला व तो हँडलावरून गवतांत पडला. मनगटाचें हाड मोडलें. मागून मोटार येत नव्हती, एवढेंच दैव. त्याच्या आईनें आम्हांस शब्दानेंही दोष दिला नाहीं. पण उरलेल्या दिवसांत ती आमच्याशीं कामापुरतेंच बोलली, आणि तें योग्यच होतें.

म्हणून ब्रेकचीं रबरें घरींच बदलावीं. त्यांस दाम फार पडत नाहीं. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबीत जावें, वेग वाढण्याची वाट पाहूं नये. लांब उतारावर अधूनमधून थांबून चाकाची धांव निवूं द्यावी. धांव ओली असतां ब्रेक उशिरा लागतो, हें पोरांस एकदां सपाटीवर पाणी शिंपडून प्रत्यक्षच दाखवावें. सूनबाई व मुली सायकलीवर बसणार असतील तर साखळीवर झांकण असलेलीच सायकल त्यांस द्यावी आणि ओढणीचीं टोकें मागें घट्ट बांधावीं. उंचावरील विरळ हवेनें ट्यूब फुटते ही समजूत खोटी आहे. ६०० मीटरांवर तेवढा फरक पडत नाहीं. दुपारच्या उन्हांत मात्र सायकल उभी करूं नये.

फिरावें तें सकाळींच, मोठा रस्ता सोडून. घोटीहून भंडारदऱ्याकडे जातांना १६४६ मीटर उंचीचें कळसूबाई दिसतें; तेवढें पाहून परतलें तरी मुलें तृप्त होतात. बरोबर पंप, ठिगळें, सोल्यूशन आणि पाना असावा. वडीलधाऱ्यांपैकीं एकानें सर्वांच्या मागें राहावें. यंदा तें काम आमच्याकडे आहे, आणि ब्रेक तपासण्याचें पुतण्यानें आपण होऊन मागून घेतलें आहे.