अध्यापनाची मान्यता आणि तासांचा हिशेब

महाविद्यालयात शिकवणाऱ्याचे शिकवणे जाणकार समव्यावसायिकांनी ठरलेल्या निकषांवर पारखावे आणि ते त्या दर्जाचे असेल तर तशी मान्यता द्यावी, अशी व्यवस्था भारतातील उच्च शिक्षणात आजवर उभी राहिलेली नाही. शाळेत शिकवायला डी.एड. किंवा बी.एड. लागते, शिवाय टीईटी. महाविद्यालयात मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. एवढ्यावर वर्गात उभे राहता येते. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापन अभिक्षमतेचे काही प्रश्न असतात, पण ते पर्याय निवडण्याचे. रुजू झाल्यावर ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर पूर्ण करावे लागते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर त्यासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली आणि पुढे त्यांची नावे बदलत गेली. या वर्गांचा उपयोग आहेच. पण तिथे मिळणारे प्रमाणपत्र कार्यक्रम पूर्ण केल्याचे असते. परत आल्यावर त्या प्राध्यापकाच्या वर्गात काय बदलले, याची विचारणा त्यात नसते.

खरी अडचण स्थाननिश्चितीच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, वेळी दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत अध्यापनाचे मूल्यमापन कसे करायचे याचा तक्ता दिलेला आहे. नेमून दिलेल्या तासांपैकी किती तास घेतले याची टक्केवारी काढायची. ती ८० किंवा अधिक असेल तर अध्यापन ‘चांगले’, ७० ते ८० च्या दरम्यान असेल तर ‘समाधानकारक’, ७० च्या खाली असेल तर ‘असमाधानकारक’. तास घेतला हाच तास चांगला झाल्याचा पुरावा, असा याचा अर्थ होतो. गाईडमधले परिच्छेद उतरवून देणारा आणि मुलांच्या कालच्या चुका पाहून आजचा तास बेतणारा, दोघेही या तक्त्यात एकाच रकान्यात बसतात. ज्या व्यवस्थेला हा फरक दिसत नाही, तिने अध्यापनाचे मूल्यमापन केलेच नाही असे म्हणावे लागते.

तरीही अध्यापनाला वेगळी मान्यता नको, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांत स्वतः चांगले शिकवणारेही आहेत. त्यांचा पूर्वपक्ष चार मुद्द्यांवर उभा आहे.

पहिला मुद्दा असा की शिकवणे उपजत असते. ज्याला येते त्याला येते, निकष लावून कोणी शिक्षक होत नाही. वक्तृत्व आणि विनोदबुद्धी या देणग्या काहींना असतात, हे खरेच. पण ऐकणाऱ्याला भावलेले व्याख्यान आणि विद्यार्थ्याला समजलेला विषय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची कथा यासाठी नीट पाहावी. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत होती, परीक्षेतली अवघड गणितेही मुले सोडवत होती. पुढे त्यांनी वर्गाला बलाच्या संकल्पनेवरचे साधे प्रश्न दिले. अवजड ट्रक आणि लहान मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर जास्त बल लावते, अशा धर्तीचे. उत्तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे, दोन्ही बले सारखी असतात. सूत्रे पाठ असलेली कितीतरी मुले अशा प्रश्नांवर अडली. आपले व्याख्यान चांगले आहे म्हणून मुले शिकतात, हा समज माझूर यांनी तिथेच सोडला. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचे, शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचे, अशी पद्धत त्यांनी बसवली आणि १९९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. त्यांना पुढे नेले ते स्वतःच्या वर्गाची तपासणी करण्याच्या तयारीने. उपजत देणगी तर आधीपासूनच होती. एकट्या माझूर यांचा अनुभव पुरेसा वाटत नसेल, तर स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष आहे. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होते, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. पद्धत बदलल्याने एवढा फरक पडत असेल, तर अध्यापन ही शिकता येणारी, सुधारता येणारी आणि म्हणून पारखता येणारी विद्या आहे.

दुसरा मुद्दा संशोधनाचा. उत्तम संशोधक आपोआप उत्तम शिक्षक होतो, तेव्हा संशोधनाला मान दिला की अध्यापनालाही मिळाला, असे सांगितले जाते. जॉन हॅटी आणि हर्बर्ट मार्श यांनी १९९६ मध्ये ५८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा संशोधनाची उत्पादकता आणि अध्यापनाची परिणामकारकता यांतील सहसंबंध ०.०६ निघाला, म्हणजे जवळजवळ शून्य. संशोधन शिकवण्याच्या आड येते असे यातून निघत नाही. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, एवढे नक्की निघते. अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्येच विद्वत्तेचे चार प्रकार मांडून अध्यापनाला त्यांत स्वतंत्र स्थान दिले होते.

भारतात या दुसऱ्या समजाची किंमत फार मोठी पडली. आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाचे, गुण आणले आणि पदवीचे वर्ग सांभाळणाऱ्या प्राध्यापकालाही शोधनिबंधांची संख्या भरून काढणे भाग पडले. २०१८ च्या नियमावलीतही विज्ञान शाखांत एका निबंधाला ८ आणि भाषा व मानव्यशास्त्रांत १० गुण आहेत. मागणी तयार झाल्यावर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघणारच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पुढाकाराने आयोगाच्या मान्य यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी झाली आणि ती २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी निकषांना उतरली फक्त ११२. बाकीच्यांत कुठे पत्ता किंवा संपादकांची नावे नव्हती, कुठे आयएसएसएन चुकीचा, कुठे इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा खोटा. शिकवण्याची आवड असलेल्या माणसाला पदोन्नतीची दुसरी वाटच ठेवली नाही, तर तो नाइलाजाने या बाजारात जातो. यात त्याचा वेळ जातो, विद्यार्थ्यांचे तास जातात आणि संशोधनाच्या पदरातही काही पडत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अध्यापन मोजता येत नाही. यातला अर्धा भाग मान्य करायला हवा. विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेल्या फीडबॅकच्या सरासरीवर अध्यापनाचा दर्जा ठरवता येत नाही. बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केलेल्या विश्लेषणात अशा गुणांचा विद्यार्थी प्रत्यक्ष किती शिकले याच्याशी संबंध आढळला नाही. पण जे मोजता येत नाही ते पारखता येत नाही, हे अनुमान चुकीचे आहे. पीएच.डी.चा प्रबंध कोणी मोजत नाही. दोन-तीन जाणकार तो वाचतात, प्रश्न विचारतात आणि निर्णय देतात. अध्यापनालाही हीच रीत लागू होते आणि ब्रिटनमध्ये ती अनेक वर्षे चालू आहे.

रॉन डिअरिंग यांच्या समितीने १९९७ मध्ये ब्रिटनमधील विद्यापीठ-अध्यापकांसाठी व्यावसायिक संस्था असावी अशी शिफारस केली. १९९९ मध्ये ती स्थापन झाली, पुढे हायर एज्युकेशन अकॅडमीत विलीन झाली आणि २०१८ पासून हे काम अ‍ॅडव्हान्स एचई ही संस्था पाहते. व्यावसायिक मानकांचा आराखडा २००६ मध्ये आला. २०११ आणि २०२३ मध्ये तो सुधारून घेतला गेला. त्यात असोसिएट फेलो, फेलो, सीनियर फेलो आणि प्रिन्सिपल फेलो अशा चार श्रेणी आहेत. आजवर दीड लाखाहून अधिक लोकांनी ही मान्यता मिळवली आहे. आराखड्याचे तीन भाग: शिक्षक काय करतो, कशाच्या ज्ञानावर करतो आणि कोणती मूल्ये पाळून करतो. पाठाचे नियोजन, शिकवणे, तपासून उपयोगी अभिप्राय देणे, विद्यार्थ्याला आधार देणे आणि स्वतःच्या कामात सुधारणा करणे ही पाच कामे. विद्यार्थी तो विशिष्ट विषय कसा शिकतात याची जाण. आणि सर्वांना समान संधी, सहकाऱ्यांशी सहकार्य यांसारखी मूल्ये. अर्जदार आपल्या कामाचे पुराव्यासह निवेदन लिहितो, त्याचे काम जवळून पाहिलेले सहकारी लेखी दुजोरा देतात, परीक्षक वाचून निर्णय करतात. अनेक विद्यापीठांत हे तोंडी संवादातूनही होते.

असा पुरावा कसा दिसेल, हे मराठी वर्गातल्या एका उदाहरणावरून कळते. समजा, प्रथम वर्षाला अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेच्या लक्षात आले की चाचणीत बरीच मुले मागणीचा संकोच आणि मागणीतील ऱ्हास यांत गल्लत करतात. व्याख्या त्यांना पाठ आहेत, पण आकृती काढताना ती एकाच वक्रावर वर सरकायच्या ऐवजी नवा वक्र काढतात, किंवा उलट. तिने पुढच्या तासाला व्याख्या पुन्हा सांगितल्या नाहीत. अवकाळी पावसाने कांदा महागला आणि घरात कमी आला, ही एक परिस्थिती. भाव तोच राहिला पण चातुर्मास लागला म्हणून कांदा कमी आला, ही दुसरी. दोन्हींची आकृती प्रत्येकाने काढायची आणि शेजाऱ्याला समजावायची. महिन्याने त्याच मुद्द्यावर वेगळा प्रश्न दिला, आधीच्या आणि नंतरच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या, आणि कोणाचा गोंधळ टिकून राहिला हेही लिहून ठेवले. ‘मी विद्यार्थिकेंद्री पद्धती वापरते’ या वाक्याला निवेदनात किंमत नाही. या दोन उत्तरपत्रिकांना आहे. ऐंशी टक्के तासांची नोंद हे सांगूच शकत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत जवळचा आणि सर्वांत रास्त: ही आणखी एक फाइल होईल. एपीआयच्या काळात प्राध्यापकांनी वर्षअखेरीस प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स गोळा करण्यात किती दिवस घालवले, हे कोणत्याही स्टाफरूममध्ये ऐकायला मिळते. ब्रिटनमध्येही विद्यापीठे फेलोंचे प्रमाण वाढवण्याच्या मागे लागली की कामापेक्षा अर्जाची सफाई महत्त्वाची ठरण्याचा धोका असतो. ज्याची लेखणी चांगली चालते त्याला निवेदन सोपे जाते. म्हणून मान्यतेची रचना विचारपूर्वक करावी लागेल. पण कागद वाईट म्हणून परीक्षाच नको, हे उत्तर नव्हे. एपीआयचा कागद अमुक इतके भरले का असे विचारत होता. समव्यावसायिकांपुढचे निवेदन हे असे का केले, त्यातून मुलांचे काय झाले असे विचारते. दहा पानांचे असे निवेदन लिहिताना माणूस आपल्या वर्गाकडे परत वळतो.

पूर्वपक्षाने एका गोष्टीचा विचारच केलेला नाही: शिकण्याला आधार देणारे इतर लोक. ब्रिटनच्या आराखड्यात तंत्रज्ञ, ग्रंथपाल, वर्ग घेणारे पीएच.डी.चे विद्यार्थी यांनाही मान्यतेचा मार्ग खुला आहे. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ब्युरेटचे वाचन डोळा पातळीत आणून घ्यायचे, हे मुलाच्या शेजारी वाकून दहादा दाखवतात ते बहुधा प्रयोगशाळा सहायक. संदर्भ शोधायला शिकवतात ते ग्रंथपाल. आणि राज्यातील अनेक महाविद्यालयांत विषयाचा मोठा भाग शिकवतात ते तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. त्यांना स्थाननिश्चिती नाही आणि उत्तम शिकवल्याची अधिकृत नोंदही कुठे होत नाही. मान्यता पदाला न जोडता कामाला जोडली, तर तो माणूस ती पुढच्या महाविद्यालयात आणि मुलाखतीत सोबत नेऊ शकेल.

यासाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनी प्रत्येक शाखेच्या संशोधक विद्यार्थ्याला अध्यापनाचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे आणि त्याला आठवड्याला चार ते सहा तासांचे अध्यापन किंवा संशोधन साहाय्य देण्याची तरतूद ठेवली आहे. पायाभरणी तिथूनच करता येईल. राज्यातील विद्यापीठांच्या विद्यापरिषदांनी निकष मराठीत प्रसिद्ध करावेत आणि निवेदन मराठीत लिहिण्याची मुभा द्यावी. प्रत्येक अर्जासाठी परीक्षक दोन असावेत, एक त्या विषयातला आणि एक विषयाबाहेरचा, आणि दोघांनीही निदान एक तास मागच्या बाकावर बसून पाहावा. अर्ज ऐच्छिक असावा, शुल्क नसावे, नाकारल्यास कारण लेखी द्यावे. पहिल्या तुकडीत अर्ज करण्याचा हक्क तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना आणि प्रयोगशाळा सहायकांना कायम प्राध्यापकांच्या बरोबरीने असावा.