जुन्या क्रमांकाचे दप्तर
२०२० पासून दरवर्षी ऑक्टोबरात पायथॉन या संगणकभाषेची नवी आवृत्ती सिद्ध होते, आणि आर्च लिनक्ससारख्या प्रणालीत ती दाखल होताच, कालपर्यंत बिनतक्रार चाललेली, वापरकर्त्याने स्वतः बांधलेली पॅकेजे एकाएकी बेपत्ता भासू लागतात. वस्तुतः ती असतात जागच्या जागीच, परंतु ज्या दप्तरावर जुन्या आवृत्तीचा क्रमांक आहे ते नवा अंमलदार उघडूनही पाहत नाही. शुद्ध पायथॉनमधली पॅकेजे पुनश्च बसवली की बहुधा भागते. सी भाषेतून संकलित केलेली मात्र जुन्या आवृत्तीच्या अंतर्रचनेशी जखडलेली असल्याने मूळ संहितेपासून पुन्हा घडवावी लागतात, आणि २०२३ च्या ३.१२ या आवृत्तीने तर बांधणीचे ‘डिस्ट्युटिल्स’ हे जुने साधनच बरखास्त केले. वाचकांनी निदान पॅकेजांची यादी तरी आधी करून ठेवावी.